मजुरीत धरलेला एक दिवस

मी, खाली सही करणारा गवंडी, गिलाव्याची कामं घेणारा ठेकेदार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही, असं म्हणायची रीत आहे. दडपण आहे. ते दाराबाहेर येरझाऱ्या घालतंय आणि सारखं विचारतंय, "झालं का बाबा? सभागृहाचा मॅनेजर फोनवर थांबलाय." उद्या माझ्या हृदयाचं ऑपरेशन. सभागृहाच्या छताच्या करारावर मुलाला माझी सही आजच हवी आहे, त्याने काढलेल्या दरावर. ती मी अजून दिलेली नाही.

कलम एक. राहतं घर मुलांच्या आईचं. तिच्या हयातीत वाटणीचा शब्द कोणी काढू नये. या मागच्या खोलीतली ओल मुलाने काढावी. गवंड्याच्या घरात ओल म्हणून ती मला पुरेसं बोलली आहे.

कलम दोन. घडीची शिडी मेहुण्याला. ती त्याच्याचकडे आहे. मागून मागून माझं तोंड दुखलं, आता निदान हक्काने ठेवून घे म्हणावं.

कलम तीन. बचतीतला निम्मा भाग बायकोला, निम्मा आमच्या थोरल्या बिगाऱ्याला. कारण लिहितो. मागच्या, शाळेच्या कामाचा दर मुलाने काढला होता. त्याच्यासारखा भराभर चालणारा सुबक हात मी दुसरा पाहिला नाही. तोंडावर म्हटलं तर डोक्यावर बसेल, म्हणून इथे लिहितो. पण मजुरी धरताना तो आपलाच हात धरतो. त्याची भिंत अर्ध्या दिवसात होते, म्हणजे सगळ्यांची होणार! मग कारागीर घाई करतात, त्यांना माल पुरवायला बिगारी घमेलं घेऊन परांचीवर पळतो. तिथे तसंच पळताना फळी हलली आणि हा थोरला खाली आला. त्याचा खांदा अजून वर होत नाही. सभागृहाचं छत त्याहून कितीतरी उंच आहे. मला भीती वाटते.

कलम चार. थाप्या, रंधे, ओळंबा मुलाला. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

कलम पाच. धंदा, परांचीचं सामान आणि दर ठरवण्याचा अधिकार मुलीला. आमच्यात पद्धत आहे की दर काढणाऱ्याने भरलेलं घमेलं घेऊन आधी स्वतः वरपर्यंत जायचं, मगच आकडा बोलायचा. सभागृहात मुलगा म्हणाला, "मी छत बघायला आलोय, हमाली करायला नाही." खालूनच बघून त्याने आकडा सांगून टाकला. मुलगी घमेलं घेऊन चढली, जिन्याच्या वळणावर अडली, दम खाल्ला, मग चढली. खाली येऊन म्हणाली, "बाबा, त्या वळणावर दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. माल चढवायला जास्त माणसं लागतील." तिचा दर जास्त आला. भाऊ चिडला, "ताई, काम घालवशील!"

तिच्या हिशेबात एक दिवस जास्तीचा होता, काम बंद आणि मजुरी पूर्ण. मी विचारलं, "हा कशाचा?" ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, तेव्हा मला कळलं. तिने माझा दिवस धरला होता. मला राग आला, खोटं कशाला लिहू. पण बापाच्या मरणाच्या दिवशी डोळे पुसत कोणी परांचीवर चढू नये, हे तिला सुचलं. मुलाने तो दिवस धरला नाही, कारण मी मरेन हे त्याला मान्यच नाही. त्याच्या या वेडेपणावर माझा जीव आहे, पण दर असा निघत नाही.

कलम सहा, आत्ता वाढवलेलं. मुलाला आत बोलावून हे सगळं वाचून दाखवलं. करारावर त्याच्यासमोर मुलीचा दर लिहून सही केली. तो मग म्हणाला, "तो एक दिवस तरी काढा बाबा. तुम्ही परत येताय."

मी म्हणालो, "राहू दे. आलो, तर त्या दिवशी कामावर जाऊ नकोस. माझ्याजवळ बस."

तो दिवस दरात ठेवला आहे. कोणी खोडू नये.

सही: गवंडी
साक्षीदार: खालच्या मजल्यावरचा शिंपी, समोरच्या घरातल्या नर्सबाई
ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, बुधवार, दुपार