तांडेलाचा आवाज

भाईंदर पूर्व,
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

चि. जितेश,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझी मावसबहीण समिधा उद्या पुण्याला येतेय, तिच्याच हाती हे पाठवते. फोनवर बोलले तर या दोन खोल्यांत तुझे बाबा सगळं ऐकतात, आणि माझं व्हॉट्सअ‍ॅप माझ्याआधी तेच वाचतात.

त्यांच्यापुढे मी हात टेकले. रोज संध्याकाळी बिल्डिंगमधली पोरं घरात. दारात चपलांचा ढीग, आणि टीव्हीवर तुमची ती ‘उडती होडी’. तू लहानपणी जेवण सोडून बघायचास, तीच. चित्रं फिकी पडलीत, होडीमागून तेच तेच ढग जातात. या पोरांच्या हातात मोबाइल आहेत, हवं ते दिसतं त्यात. तरी सगळी इथेच पडीक. का, तर बाबा टीव्हीचा आवाज बंद करतात आणि कार्टूनमधल्या सगळ्यांचं स्वतः बोलतात. तुझ्यासाठी करायचे तसंच. तेव्हा त्यांना टीव्हीवरचं हिंदी नीट कळत नव्हतं. आता कळतं, पण होडीच्या कप्तानाचा तांडेल झाला तो झालाच, आणि राक्षस अजून आपल्या रत्नागिरीचं बोलतो.

काल शेजारच्या हंसाबेन तक्रार घेऊन आल्या. “मंदाबेन, मेरा पोता घर में सबको ‘मेल्या’ बोलता है. ये क्या सिखाते हैं भाईसाब?” मी माफी मागितली, चहा ठेवायला गेले. येऊन बघते तर बाई पोरांत बसलेल्या. “तांडेल बचेगा ना, भाईसाब?”

वर पोरांना सांगतात, हे सगळं माझ्या जितेशने काढलंय! म्हटलं, “अहो, ही मालिका त्याच्या जन्माआधीची आहे.” तर म्हणाले, “तू गप बस गो. पोरांना काय कळतंय!” तू बँक सोडून कार्टून काढायला लागलास तेव्हा चारचौघांत ‘पोरकट धंदा’ म्हणणारा हाच माणूस. माझं डोकं फिरतं. आणि तू तरी काय कमी आहेस? दोन गणपती झाले, त्यांच्याशी एक शब्द नाही.

डॉक्टरांनी बजावलंय, बोलणं कमी करा. ऐकतील तर शपथ. काल तांडेलाचं ओरडता ओरडता घसा बसला, तर खोकत खोकत राक्षसाचंही बोलले. शेवटी रागाने मी टीव्हीच बंद केला. पोरं हिरमुसून गेली. मग हे हळूच म्हणाले, “मंदा, आता नाही बोललो तर कधी बोलू?”

बघ, किती वेळ मी कार्टूनचंच लिहीत बसलेय. तुला कळवायचं नाही, असा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतलाय. तो मोडते. त्यांच्या घशात गाठ आहे, कॅन्सरची. येत्या सोमवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणतात. आवाज राहणार नाही.

तुम्हा दोघांची समजूत घालायचं त्राण आता माझ्यात नाही. तू येऊन गोड बोलावंस, असंही म्हणत नाही. मनात असेल ते तोंडावर बोल, भांड, हवं तर घर डोक्यावर घे. फक्त सोमवारच्या आधी ये, म्हणजे त्यांना तुला उलट उत्तर देता येईल.

तुम्हा दोघांना कंटाळलेली, तरी दाराकडे बघत बसलेली,
तुझी आई