दोन मॉनिटरची रुजवात

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पिन बसत नाही म्हणजे नाही! कॅबिनेटच्या पाठीला दोन तोंडं — एक निळं, एक पांढरं. निळ्यात जुना मॉनिटर लागलाय. पांढऱ्यात दुसरा लावायचाय, पण त्यासाठी जो कनेक्टर आणला त्याला चार काड्या जास्तीच्या. अर्धा तास टेबलाखाली आडवा होऊन खटपट केली. शेवटी सुनीती म्हणाली, "अहो, उठा आता, कंबर धरन." धरलीच.

कॉम्प्युटर बारा वर्षांचा. साकेतच्या शिक्षणासाठी घेतला होता. आता तो पुण्याहून सांगतो, "बाबा, कशाला हा ताप? आराम करा." आराम! रिटायर झाल्यापासून दोन वर्षं दुसरं काय करतोय? पेपर वाचतो, भाजी आणतो, बायकोच्या पायात पायात करतो.

काम काय, तर एका कंपनीचं, घरी बसून करायचं. जुन्या रजिस्टरांचे फोटो डाव्या स्क्रीनवर, कोणीतरी टाईप केलेला तक्ता उजव्या स्क्रीनवर, आणि ओळ न् ओळ ताडून पाहायची. म्हणजे रुजवातच की! चौतीस वर्षं तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये प्रत्येक नकलेखाली 'रुजवात घेणार' म्हणून माझी सही असायची. एकही नक्कल परत आली नाही. कंपनीची अट एकच — स्क्रीन दोन पाहिजेत. दहा ऑक्टोबरपर्यंत चाचणी. शंभर ओळींत दोनपेक्षा जास्त चुका सुटल्या की नमस्कार.

मला हे काम पाहिजे. वहीत लिहायला कसली लाज? पाहिजेच आहे.

२७ सप्टेंबर

नेमसिंग येऊन गेला. बसस्टँडजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे; दुसरा मॉनिटर तिथूनच घेतला. "काका, मशीन म्हातारी हाय, पण दणकट हाय." त्याने आपल्या पिशवीतून दुसराच कनेक्टर काढला. लागला! आधी दोन्हीकडे एकच चित्र. मग सेटिंगमध्ये काहीतरी केलं आणि माऊसचा बाण डावीकडून निघाला तो सरळ उजव्या मॉनिटरवर. मी चक्क टाळी वाजवली. सुनीती चहा घेऊन आली ती हसतच उभी राहिली.

२९ सप्टेंबर

उजवा मॉनिटर खराब आहे.

डावीकडे वाचत असलो की उजव्याची कड विझते. मान वळवून पाहावं तर साहेब ठणठणीत! पुन्हा कामाला लागावं, पुन्हा तेच. बाण तिकडे गेला की हरवतो. नेमसिंगला बोलावलं. तो शेजारी बसून पाच मिनिटं बघत राहिला. "काका, मले तं दोन्ही सारखेच दिसून राह्यले." दवाखान्यात गेलं की दाढ दुखायची थांबते, तशी गत. मला वाटतं, जुना माल गळ्यात मारलाय त्याने.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सुनीतीने विळी, शिलाई मशीन आणि माझा कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा केली. दोन्ही मॉनिटरना हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. आज अवजाराला हात लावायचा नाही. नाही लावला. पण दहादा टेबलापाशी जाऊन आलो. दोनशे ओळी पडून आहेत.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून आलो. लक्ष सगळं टेबलाकडे.

३ ऑक्टोबर

सुनीतीला बोललो. फार बोललो.

उजवा मॉनिटर आज आणखी वाईट. मला वाटलं, कुंकवाचं पाणी आत गेलं. "तुझ्या पूजेनं माझं काम बुडवलं!" असं ओरडलो. शेजारी ऐकू गेलं असणार. ती एवढंच म्हणाली, "पाणी कुठं होतं? कोरडी टिकली लावली, तेही खालच्या प्लास्टिकले. अन् दोघायले लावली. मग एकच कसा बिघडला?" मी आणखी ओरडलो.

जेवताना उजव्या बाजूला ठेवलेला पेला धक्का लागून सांडला. पेला मध्येच कशाला ठेवला म्हणून पुन्हा तिच्यावरच घसरलो. तिने पुसून घेतलं. ओशाळलो.

६ ऑक्टोबर

सुरभीचा फोन. कंपनीतली, माझं काम तपासणारी मुलगी. आवाज साकेतच्या निम्म्या वयाचा वाटतो. "सर, दोनशे ओळींत एकोणीस चुका सुटल्यात."

एकोणीस!

"आणि सर, सगळ्या शेवटच्या रकान्यातल्या आहेत."

शेवटचा रकाना म्हणजे उजव्या मॉनिटरची उजवी कड! बघा, मी काय म्हणत होतो? मशीनचा दोष आहे असं तिला सांगितलं. ती नम्रपणे म्हणाली, "शुक्रवारी शेवटचा लॉट आहे, सर. निकाल त्याच्यावर."

सुनीतीने हे सगळं ऐकलं. "मी वाचून दाखवू का? तुमच्या हापिसातही एक वाचे अन् एक पाहे नं?" खरं आहे. रुजवात दोघांनीच घ्यायची असते. पण नको म्हणालो. एकट्याने होत नाही हे मलाच ऐकायचं नव्हतं.

८ ऑक्टोबर

नेमसिंग म्हणाला, अदलाबदल करून पाहू. बिघाड ज्याच्यासोबत जाईल तो चोर.

उजवा मॉनिटर डावीकडे ठेवला, डावा उजवीकडे. मी कामाला बसलो. आता माझा जुना, बारा वर्षं साथ दिलेला मॉनिटर विझायला लागला! उजवीकडे आल्याबरोबर! मग वायरी बदलल्या. तेच. पाठीमागची तोंडं बदलली. तेच. बिघाड उजवीकडून हलायलाच तयार नाही.

नेमसिंगने हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाला, "काका, आता बदलायची एकच गोष्ट राह्यली."

"कोणती?"

"तुमी."

असा संताप आला! माझ्या घरात येऊन माझी थट्टा? पिशवी त्याच्या हातात दिली आणि दार दाखवलं. तो दारातून म्हणाला, "थट्टा नाई करून राह्यलो, काका." चष्मा मागच्याच दिवाळीत केलाय मी.

९ ऑक्टोबर

एकशे ऐंशी ओळी. मान दर ओळीला वळवून. जमतंय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी तोंड धुताना डाव्या डोळ्यात साबण गेला. तो घट्ट मिटून, उजवा उघडा ठेवून टॉवेल चाचपडत होतो. सगळीकडे अंधार. आतूनच ओरडलो, "सुनीती, लाईन कधी गेली?"

ती दारात येऊन उभी राहिली असावी. आवाज अगदी जवळून आला.

"लाईन कुठं गेली, अहो? तुमच्या डोक्यावर बल्ब सुरू आहे."