तक्त्यावरचे आकडे

प्रिय दादा,

शेजारच्या नितेशच्या हातून हे पाठवतेय, कारण फोनवर तू मला दोन वाक्यंही पुरी करू देत नाहीस. काल अण्णांच्या वॉर्डातल्या रेवती सिस्टरांविरुद्धची तक्रार वाचून दाखवलीस, "सोमवारी देतो, तिची नोकरीच घालवतो" म्हणालास आणि फोन ठेवलास. मी हॅलो हॅलो करत राहिले. इतकी चीड आली! तुझ्याकडे मालाडला यायला निघालेही होते, पण तुझ्यासमोर माझं तोंड उघडत नाही, लहानपणापासून. म्हणून लिहितेय. पूर्ण वाच.

अण्णांच्या पायात खिळा घुसला तेव्हापासून आपण सगळेच चुकत गेलो. हळद लावून आठवडा काढला. मी रोज ताप मोजायचे आणि "अपू, उगाच घाबरवतेस" म्हटलंत की गप्प बसायचे. हॉस्पिटलात नेलं तोवर जंतू रक्तात पसरले होते, मूत्रपिंडांवर ताण आला होता. डॉक्टरांनी सांगितलेलं मी वहीत उतरवून ठेवलंय. वय सदुसष्ट, जुनी शुगर, आणायला झालेला उशीर, घसरलेला रक्तदाब. यातल्या एकेका गोष्टीनं जिवाचा धोका वाढतो, म्हणाले. आणि लघवी कमी झाली तर लगेच सांगा, थांबू नका.

त्या वॉर्डात चाळीस खाटांना एक सिस्टर. रेवती सिस्टरांनी अण्णांची लघवी मोजायचं भांडं आणि तक्ता माझ्याकडे दिला. "तू शिकलेली दिसतेस, नीट लिहिशील." घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली, मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मी मुलगी ना, आईनं भांडं हिसकावूनच घेतलं. "चेडवान बापाशीचा ह्या असला बघूचा नाय!" अण्णाही भिंतीकडे तोंड फिरवून पडले. मग आई पडद्याआड जायची, ओतून यायची आणि सांगायची, "अर्धा भांडा झाला." तिला मापाच्या रेघा वाचता येत नाहीत. अर्धं म्हणजे चारशे मिली, म्हणून मी चारशे लिहायचे. दोन दिवस, प्रत्येक वेळी चारशे. घरातून निघताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघणारी मी, हे एकदाही बघितलं नाही. दर वेळी बरोब्बर अर्धंच कसं, असं मनात आलं होतं रे. पडदा सरकवायची लाज वाटली.

डॉक्टर राउंडला यायचे, तक्ता बघायचे, आकडे ठीक दिसायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला आणि एकच धावपळ उडाली. डायलिसिस लावलं, पण दोन दिवसांत अण्णा गेले.

तेराव्याची भांडी घासताना मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, दर वेळी अर्धंच कसं व्हायचं? अण्णांबद्दल म्हणाली, "तेंनीच सांगितल्यानी, अर्धा झाला म्हणान सांग, नायतर हे माका घराक सोडूचे नाय." आणि पातेलं घासत राहिली.

तू तक्रारीत लिहिलंयस की सिस्टरांनी बसल्या जागी आकडे ठोकले. दादा, ते आकडे माझे आहेत, अक्षरही माझं. खाली सही त्यांची, आणि ती त्यांनी न बघता केली. चाळीस माणसांना एक बाई ठेवणाऱ्यांविरुद्ध लिही ना, मीही सही करते. पण तुला कुणीतरी समोर दिसणारं माणूस हवंय.

खरे आकडे लिहिले असते तर अण्णा वाचले असते का? डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी तुझ्याआधी मी हॉस्पिटलात पोचलेली असेन. 'आकडे मी, स्वतः न बघता लिहिले' असं लिहून देणार आहे. आईचं नाव त्यात नाही. पण तू तिथं आलास की चिडून विचारणार, बघितलं नाहीस तर कुणी बघितलं? आणि तडक कांजूरला घरी येऊन आईवर ओरडणार. म्हणून आधी तुला सांगितलं. मला काय बोलायचं ते बोल, सगळ्यांसमोर बोल. मी तिला ते का विचारलं, तिच्या त्या 'अर्ध्या'नं काय झालं असेल, हे आईला अजून कळलेलं नाही. ते तिला सांगायचा हक्क तुला नाही, मलाही नाही.

तुझीच,
अपू