शेपटीची हळद

१२ जाने.
वसमतकडचं स्थळ येऊन गेलं. मुलगा शंकरपटात बैलांची छकडी पळवतो. शर्टाच्या पाठीवर 'रेसिंग किंग'. पळतात बैल, किंग हा!
त्यानं विचारलं, "काय शिकलात?"
"अक्षरं आप्पांनी घरीच शिकवली. मग बारावी."
"मग आमच्या बैलांना बी शिकवा की!"
सगळे हसले. आप्पाही. ते लागलं.

१५ जाने.
दादा मोबाइलवर त्याचे व्हिडिओ दाखवून राहिला. "बघ, जोडी कशी सुटली!" धुळीशिवाय काही दिसलं नाही. खाली शंभर जणांचं 'रेसिंग, रेसिंग'. शर्यत म्हणजे पळणाऱ्याला पुढं जायचं असतं. बैलाला कुठं जायचंय?
दादा : "तुला शहाणपण लई."
असेल. पण न पाहता नावं ठेवणं बरं नाही. एकदा पाहून येईन.

१८ जाने.
आप्पांसोबत पटाला. त्याची जोडी पहिली आली. गुलाल, हलगी, किंग लोकांच्या खांद्यावर. बैल मागं लिंबाला बांधलेले, तोंडाला फेस. त्यांना कुणी पाणीही...
आप्पांनी लहानपणी शिकवलंय, जनावर कसं पाळलंय ते पाहायचं तर शेपटीच्या मुळाशी हात ठेवावा. मायेचं असेल तर रेलतं. मी ठेवला. बैल अंग चोरून खालीच बसला. शेपटीला हळद थापलेली.
किंगची आई म्हणाली, "शकुनाची हाय, पोरी."
बोटाला ओलं लागलं. हळदीखाली दातांचे व्रण. माणसाच्या दातांचे.
बैल जोरात पळावा म्हणून किंग शेपूट चावतो. आणि त्याच तोंडानं मला विचारतो, काय शिकलात!

१९ जाने.
दुसऱ्याला बोलण्याआधी घरचं तपासावं. गोठ्यात गेले. सरदार रेलला. मोऱ्यानं कातडी थरथरवली. पुन्हा पाहिलं. माशी होती.
आप्पांना सगळं सांगितलं. बराच वेळ सुपारी कातरत राहिले.
"पटात समदेच करतात, बाई."
"म्हणूनच सांगून राहिले."
दादाला स्थळ सोडायचं नाही. आप्पा 'हो' म्हणाले तर...

२१ जाने.
त्याच्या आईचा फोन. स्पीकरवर.
"पोरगी पसंत हाय आमाला. हळद आमच्याच शेतातली, नवरीला तीच लावू. तारीख काढायची का?"
दादानं मान डोलावली. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, "त्या बैलाची शेपटी बरी झाली का, ताई?"