लोखंडाला हात उरत नाही

धार. रविवार, ता. ४ एप्रिल १९०९. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. तुरटीच्या मडक्यावर लेबल चिकटवीत होतो.

खळ ओली आहे तोवर लिहितो. आजपासून या रंगशाळेत शास्त्र सुरू. तुरटी हे नाव बंद. यापुढे ‘पोटॅश ॲलम’. हिराकस बंद, ‘फेरस सल्फेट’. मोरचूद बंद, ‘कॉपर सल्फेट’. नवसागराचे ‘अमोनियम क्लोराइड’ इतके लांब झाले की लेबल मडक्याला वळसा घालून स्वतःलाच भेटले. चार लेबले. स्पेलिंगच्या चुका शून्य.

रघुजीकाकांनी लेबलाकडे पाहिलेही नाही. खडा काढला, जिभेला लावला, म्हणाले, तुरटी. चाळीस वर्षे रंगाऱ्याचा धंदा, आणि सगळा कारभार जिभेवर. मी विचारले, काका, विष असते तर? म्हणाले, विषाचं मडकं मी अडाणी असून वेगळं ठेवत होतो, तू शिकून रांगेत आणलंस.

मोरचूद मागे नेऊन ठेवला. रांग बिघडली.

सोमवार, ता. ५.

पुस्तक पुण्याहून आले. बारा आणे. इंग्रजी पाचवीनंतर शाळा सुटली ती माझी, शास्त्राची नव्हे.

विषय सोपा आहे. प्रत्येक मूलतत्त्वाला ठरावीक हात. हायड्रोजनला एक, ऑक्सिजनला दोन. हाताला हात मिळाला की संयोग. लोखंडाची दोन घराणी आहेत: फेरसला दोन हात, फेरिकला तीन. एकाच गावात दोन राज्ये, जशी देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती. हे उदाहरण माझे स्वतःचे. रुक्मिणीकाकूला सांगितले. ती म्हणाली, माझं माहेर देवासचं, मला पात्या शिकवू नकोस, हिरडे कुटून दे. समजली नाही.

पुरवणीत एक वेडेपणा छापला आहे. क्षार पाण्यात विरघळला की त्याची जोडी फुटते, दोन विद्युत्‌भारित तुकडे सुटे फिरतात, त्यांना ‘आयन’ म्हणावे. नवराबायको नदीवर गेली म्हणून लागलेले लग्न मोडत नाही. समासात पेन्सिलीने ‘चूक’ असे लिहिले.

पाने ४१ ते ४८ कडेने जोडलेलीच आहेत, छापखान्याने कापलेली नाहीत. अनुक्रमणिकेवरून त्यांत रंगकाम आहे. रंगकाम घरातच आहे. शिवाय चाकू दाराच्या पेटीत.

या पेटीविषयी लिहून ठेवले पाहिजे. रंगशाळेच्या दाराशी एक लाकडी पेटी. आत येणाऱ्याने अंगावरचे लोखंड तीत टाकायचे. किल्ल्या, चाकू, अडकित्ता, सगळे. काल एका गिऱ्हाइकाला नाल ठोकलेले जोडे काढायला लावले. कारण विचारले तर काका म्हणतात, लाल रंगाला लोखंड चालत नाही. का? तर, चालत नाही. सोवळे तरी बरे, त्याला निदान मंत्र असतात.

शुक्रवार, ता. ९. दुपारी दोन.

मोठे काम. देवासच्या बापूसाहेबांकडे वैशाखात लग्न. एकतीस पागोटी, रंग लाल. त्यांचे कारभारी गोपाळराव स्वतः आले होते. (किल्ल्यांचा जुडगा पेटीत टाकताना हसले. शहाणा माणूस.) माल शनिवारी, चोवीस तारखेला न्यायला येणार.

संध्याकाळी. काका हिरड्यांच्या खरेदीला कुक्षीला चालले आहेत, सोमवारपासून सहा दिवस. त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवतो: चिंतामणी, हे काम निभावलंस तर भट्टी तुझी. बिघडवलंस तर दुर्गेच्या नवऱ्याला हाटपिपल्याहून कायमचा बोलावतो.

दुर्गा ही काकांची मुलगी, तिचा नवरा म्हणजे विठोबा. सही अंगठ्याने. माझ्यासमोर ठेवायला यांना दुसरा कोणी मिळाला नाही.

सोमवार, ता. १२.

काका गेले. विठोबा आला. ‘मदतीला.’ पागोटी हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळत घातली, पिवळी झाली. ती पाहून म्हणाला, भिया, बढिया. (भावाला तिकडे भिया म्हणतात.) मी आभार मानले नाहीत. पिवळे करणे कोणालाही येते.

उद्या तुरटी. परवा जर्मन लाल पुडीच्या पाण्यात उकळणे.

मंगळवार, ता. १३. रात्री नऊ.

शोध लागला. घाईतही अक्षर चांगले काढतो.

काका पागोटी तांब्याच्या तपेल्यात उकळतात. तुरटीत सल्फेट. तांबे अधिक सल्फेट बरोबर मोरचूद. मोरचूद निळा! म्हणजे हा मनुष्य चाळीस वर्षे लाल रंगात निळा कालवीत आला, आणि गिऱ्हाइके वाहवा करीत आली.

उपाय: लोखंडी कढई. तुरटीतल्या ॲल्युमिनियमने सल्फेटचे सगळे हात आधीच धरलेले आहेत. लोखंडाला धरायला हात उरत नाही. जोडी पाण्यात फुटते असे मानले तरच भीती. आणि ते मी मानीत नाही.

विठोबाला हाताची बोटे गुंफून दाखवले. त्याने स्वतःची बोटे तशीच गुंफून पाहिली. मग म्हणाला, भिया, वो तो ठीक, पण सासरे लोखंड आत येऊ देत नाहीत ना. म्हटले, सासरे कुक्षीला आहेत.

बुधवार, ता. १४. सकाळी सात.

हलवायाकडून कढई भाड्याने आणली, रोजी चार आणे. दारातून आत नेताना काकू आडवी उभी राहिली. म्हणाली, पेटीत मावत असेल तर ने. विनोद. तिला सांगितले की जुन्या माणसांना कारण ठाऊक नसले की ते नियम करतात. ती म्हणाली, आणि नव्यांना नियम ठाऊक नसला की ते कढई आणतात. बाजूला झाली मात्र. विठोबाने कढईला हात लावला नाही. चुलीत लाकडे सारत बसला.

साडेआठ. पागोटी घातली. पाणी लाल.

साडेनऊ. लाल, किंचित खोल. खोली येणारच.

साडेदहा. जांभळट. ओल्या कापडाचा रंग नेहमीच गडद दिसतो.

पावणेबारा. ओल्या कापडाच्या मानानेही गडद आहे.

एक. एकतीसही बाहेर काढली. वाळल्यावर उजळतील.

गुरुवार, ता. १५.

वाळली. उजळली नाहीत.

काळी आहेत. पूर्ण काळी नव्हेत. उन्हात धरून, डोळे बारीक करून, लाल आहे असे मनात ठेवून पाहिले तर वांगी रंगाची. काकूला तसे पाहायला सांगितले. म्हणाली, नवरदेवाच्या वऱ्हाडातल्या सगळ्यांना डोळे बारीक करायला सांगू का? मग डोळ्यांना पदर लावून आत गेली. दार लोटून घेतले.

जर्मन पुडीत भेसळ असावी. कंपनीला पत्राचा मसुदा केला. अडीच पाने.

शुक्रवार, ता. १६.

पुन्हा तुरटीत घातली. काळी. धुतली. धुतलेली काळी. कढई आजपर्यंत ठेवावी लागली. पत्राचा दुसरा मसुदा पहिल्यापेक्षा सौम्य आहे.

शनिवार, ता. १७. संध्याकाळ.

काका आले. दोरीवर एकतीस काळी पागोटी पाहिली. एक हातात घेतले, वास घेतला, टोक जिभेला लावले. विचारले, लोखंड कुठून आलं? मी व्हॅलन्सी सांगू लागलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली, हातांसकट. मग म्हणाले, पोरा, हिरडा नि लोखंड मिळून काय होतं? म्हटले, ते पुस्तकात नाही. म्हणाले, तू जिने रोज ही वही लिहितोस ना, ती शाई होते.

विठोबाला म्हणाले, जावईबापू, नवीन कापड आणा.

गुरुवार, ता. २२.

विठोबाने चार दिवसांत एकतीस पागोटी केली. तांब्याचे तपेले. लाल. त्याने काही विशेष केले असे मला दिसले नाही, नेहमीचेच केले.

रविवार, ता. २५. दुपारी चार.

काल गोपाळराव माल घेऊन गेले. काकांनी भट्टीची किल्ली विठोबाला दिली. त्याने ती कपाळाला लावली आणि लगेच दाराच्या पेटीत टाकली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, भिया, लेबलं राहू द्या, अच्छी दिसतात. फकत मला वाचून दाखवत जा.

पेटीतला चाकू मागून घेतला, पाने ४१ ते ४८ कापली. पान ४३: ‘तुरटीच्या लाल रंगास लोखंडाचा स्पर्श सर्वथा वर्ज्य. लोहाचे आयन पाण्यात सुटे होऊन रंगाशी संयोग पावतात व कापड काळवंडते. हिरडा दिलेले कापड असल्यास विशेषच.’

समासातले ‘चूक’ खोडरबराने पुसले. खूण राहिली.

खर्च झाला:
पुस्तक ०-१२-०
लेबलांचा कागद व खळ ०-३-०
कढईचे भाडे, तीन दिवस ०-१२-०
कढई घासणावळ (हलवाई ऐकेना) ०-४-०
एकूण १-१५-०

काकांचे देणे:
कापड, ३१ पागोटी, दर १-४-० प्रमाणे ३८-१२-०
लाल पूड ३-८-०
वजा, काळी पागोटी छत्रीवाल्यास विकली, दर सहा आणे ११-१०-०
बाकी देणे ३०-१०-०

फेड: विठोबाकडे दरमहा तीन रुपये पगार, पैकी दोन कापून पंधरा महिने, सोळाव्यास दहा आणे.

जमा: चाकू एक, दाराच्या पेटीत.