न दुखणारा डोळा

ताई,

तुझ्या पायांना इथूनच हात लावतो. गालातली कॅन्सरची गाठ पुन्हा आलेली नाही, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

परवा कारखान्यात फोरमन ओरडला, "अरे, डोळा लालभडक झालाय, तुला कळत नाही?" नाहीच कळलं. लाकडाचा भुसा बुबुळावर घासून जखम झाली होती. डॉक्टर म्हणाले, गाठीवरच्या उपचारांत डोळ्याची नस दुखावली. आता काही खुपलं तरी समजणार नाही. आणि मी वेडा तुला फोनवर कौतुकाने सांगत होतो, डोळा अजिबात दुखत नाही म्हणून!

असा संताप आला! एवढ्या मोठ्या आजारातून उठलो, आणि आता म्हणे रंध्याला हात लावायचा नाही. भांडलो डॉक्टरांशी. शेवटी जखम झाकून भरावी म्हणून पापण्या अर्ध्या मिटवून शिवून घेतल्या. "नजर राहील ना?" विचारलं, तर म्हणाले, "बघू." या 'बघू'ची चीड येते गं.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? आई व्हिडिओ कॉलचा हट्ट धरेल, तर माझा फोन बिघडलाय म्हण. माझं दुखणं मला कळलं नाही तरी तिला चेहऱ्यावरून कळतं.

तुझाच,
धाकटा