सात नंबर बंद करण्याची योजना

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९ वाजून १० मिनिटे.
खुर्च्या मोजत होतो. आमच्या सहा नंबरच्या वॉर्ड ऑफिसात एकूण चौदा. बसण्यालायक नऊ, साहेबांच्या केबिनमध्ये उगाच पडलेल्या दोन, पाय मोडलेल्या दोन आणि एकीवर बादली.

मोजण्याचे कारण मुख्यालयाचे परिपत्रक. वॉर्ड ऑफिसे फार झाली, खर्च झेपत नाही, शेजारशेजारची एकत्र करायची आहेत. सर्व स्तरांतील कर्मचाऱ्यांनी सूचना पाठवाव्यात. साहेबांनी ते वाचले आणि त्यावर चहाचा कप ठेवला. मी कप उचलून कागद पुसला. ‘सर्व स्तरांतील’ म्हणजे मीसुद्धा. मी हंगामी लेखनिक. मुदत ३१ मार्चला संपते. योजना पास झाली की मला कायम करण्यावाचून त्यांना इलाज नाही. बारावीपुढे शिकलो नाही हे मग कोणी काढणार नाही.

रात्री जेवताना दादाला सांगितले. दादा म्हणाला, अरे, ऑफिसं कमी करायच्या स्कीममधून तुला नोकरी कशी लागेल? दादाला प्रशासन कळत नाही.

मंगळवार, ४ मार्च.
सात नंबरच्या ऑफिसची पाहणी केली. आमच्या दारापासून ४१२ पावले. येताना ४१५, मध्ये डबके होते. शिसारी आली. तीच कपाटे, तेच शिक्के, फक्त घाण दुप्पट. फायलींवर कोणीतरी ओला टॉवेल वाळत घातलेला. तिथला हेडक्लार्क ड्रॉवरवर पाय टाकून दात कोरत होता. म्हणाला, काय रे सहा नंबर, भिंती मोजतोयस त्या विकत घ्यायच्यात की काय? हसून घे म्हटले मनात.

योजना ठरली. सात बंद. सगळे सहामध्ये.

बुधवार, ५ मार्च.
आकडे हवेत. कोणत्या ऑफिसात किती माणसे येतात हे अभ्यागत नोंदवहीवरून कळते. येणाऱ्याने तारीख, नाव, काम लिहून सही करायची. आमची वही पाहून जेवण नको झाले. पानांना अंगठ्यांचे तेल, कडेला कोणीतरी पेन पुसलेले, एका जागी चक्क सुपारीचा तुकडा चिकटलेला. अशी वही मुख्यालयाला दाखवली तर योजनेला काय किंमत राहणार? संध्याकाळी घरी आणली. जानेवारी-फेब्रुवारीची स्वच्छ प्रत काढणार. दोन दिवसांचे काम.

शनिवार, ८ मार्च.
दोन दिवसांत झाले नाही. अक्षर घाईत बिघडते. वहिनी म्हणाली, भाऊजी, गावभरच्या हातांनी मळलेलं ते बाड माझ्या जेवायच्या टेबलावर नको. आता खिडकीच्या कट्ट्यावर बसून लिहितो. पाठ धरली आहे.

सोमवार, १० मार्च.
आमचा शिपाई, ज्याच्या कमरेला सगळ्या कपाटांच्या किल्ल्या लटकतात म्हणून ज्याला सगळे किल्लीमामा म्हणतात, तो सकाळपासून मागे लागला आहे. वही कुठाय? लोक विचारतात. मी सांगितले, वहीवाचून लोकांचे अडत नाही, सोडा आत. खरेच अडले नाही. आज दारापर्यंत रांग होती. घामाचा वास, खोकला, लहान मुलाने जिन्यात ओकले.

एक आजी मात्र ऐकेना. रहिवासी दाखल्यासाठी चौथी खेप. म्हणाली, आधी माझं नाव लिही पुस्तकात. नाहीतर उद्या म्हणशील, म्हातारी आलीच नव्हती. मी म्हणालो, आजी, तुम्ही आलात हे दिसतंय की आम्हांला. म्हणाली, तुला दिसतंय रे, पण वरच्यांना तू दिसतोस का? रांगेतले लोक हसले. अडाणी लोकांना नियम समजावणे माझे काम नाही.

शनिवार, १५ मार्च.
प्रत पूर्ण. एकही खाडाखोड नाही. मूळ वहीला ब्राउन पेपरचे कव्हर, वर लेबल. वहिनीकडून नऊशे उसने घेतले, योजनेच्या सहा प्रती बाइंड करायच्या आहेत. तिने विचारले, परत कधी? कायम झालो की. म्हणाली, मग राहू दे, दिले समजते. चेष्टेची सवय आहे.

सोमवार, १७ मार्च.
वही जागेवर ठेवली. मधले नऊ दिवस कोरे दिसत होते. फार वाईट दिसत होते. नोंदवहीत कोरी जागा सोडू नये असा नियम आहे, नोंद नसेल तिथे ‘निरंक’ लिहावे. नऊही दिवसांपुढे निरंक लिहिले, पट्टीने ओळ आखून. वही आता एकसारखी वाटते. किल्लीमामा म्हणाला, काय लिहिलंस रे? मी म्हणालो, निरंक. म्हणाला, म्हणजे काय? सोडून दिले.

योजना रवाना.

बुधवार, १९ मार्च.
मुख्यालयाचा फोन. योजना आवडली. साहेबांनी प्रथमच मला नावाने हाक मारली. दोन्ही ऑफिसांतले १० ते १५ मार्चचे अभ्यागतांचे आकडे तातडीने हवे आहेत. टायपिस्टबाईंनी वहीवरून तक्ता केला. मी फक्त शुद्धलेखन तपासले. बाईंनी निरंकमध्ये रं ऐवजी र केला होता, सहाही ठिकाणी. दुरुस्त करून खाली ‘तपासले’ लिहिले व सही केली. मी नसतो तर हे असेच गेले असते. साहेबांनी न वाचता शिक्का मारला. बेजबाबदारपणाचा कळस.

संध्याकाळी नवा शर्ट घेतला. कायम माणसाला लागतो.

बुधवार, २६ मार्च. दुपारी १२ वाजून ४० मिनिटे.
आदेश आला. योजना जशीच्या तशी मंजूर. माझा तिसरा परिच्छेद शब्दशः घेतला आहे, स्वल्पविरामासकट. फक्त सहाच्या जागी सात आणि सातच्या जागी सहा. कारण: सदर सप्ताहात सात नंबरमध्ये १४३ नागरिक आले, सहा नंबरमध्ये एकही नाही.

मी साहेबांना सांगितले, वही माझ्या घरी होती. साहेब म्हणाले, हे लेखी देऊ नकोस, शासकीय वही घरी नेल्याबद्दल वेगळी चौकशी लागेल. मी म्हणालो, सर, पण रांग होती, तुम्ही पाहिलीत. म्हणाले, मी पाहिली रे, तपासले कोणी लिहिलंय? त्यांची मुख्यालयात बदली झाली आहे. फार उदास वाटले नाहीत.

या व्यवस्थेची किळस येते. कोणी डोके वापरत नाही.

सोमवार, ३१ मार्च. संध्याकाळी ५.
खुर्च्या सात नंबरला पोचवल्या. चौदाच्या चौदा, यादीप्रमाणे. बाई आणि किल्लीमामा यांना तिथेच सामावून घेतले. हंगामी पदाची तिथे गरज नाही. हेडक्लार्क ड्रॉवरवरचे पाय न काढता म्हणाला, भिंती नीट मोजल्या होत्यास बरं का, कपाटं बरोबर बसली.

परतताना आजी भेटली. आमच्या बंद दाराशी उभी होती. मी सांगितले, आजी, आता सात नंबरला जायचं, ४१२ पावलं. म्हणाली, तुझी की माझी? मग माझ्या हातातल्या अभ्यागत नोंदवहीकडे (यादीत नव्हती, सात नंबरने घेतली नाही) बघून म्हणाली, नाव लिहिलं नाहीस ना शेवटी? वही तिथेच उघडली. तिने उभ्याने, सावकाश, पूर्ण नाव लिहिले. आजची एकमेव नोंद.

हिशेब:
आलेख कागद ६०
ब्राउन पेपर, गोंद ४५
बाइंडिंग, सहा प्रती ५४०
शर्ट ८५०
एकूण खर्च १,४९५

देणे: वहिनी ९००, किल्लीमामा (चहा) ३५. एकूण ९३५.

योजनेमुळे झालेली बचत: साहेब, निरंक. टायपिस्ट, निरंक. शिपाई, निरंक. खुर्च्या, निरंक. हंगामी लेखनिक, एक, पूर्ण पगार.
तपासले.